आनंदीबाईंची पत्रं: एकोणिसाव्या शतकातल्या बाईचं घरगुती पत्र कसं वाचायचं?

मार्च आला की डॉ. आनंदीबाई जोशी यांचा फोटो फोनाफोनांवर फिरू लागतो. ३१ मार्च हा त्यांचा जन्मदिवस, ११ मार्च १८८६ हा फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर होण्याचा दिवस, आणि त्याच महिन्यात ८ तारखेचा महिला दिन. फोटोखाली त्यांच्या एखाद्या पत्रातली ओळ असते, आणि त्या ओळीखाली वाद. कुणी म्हणतं, बायकोला शिकवायला समाजाशी भांडलेला नवरा पाहा. कुणी म्हणतं, दहा वर्षांच्या मुलीला लाकडाने मारणारा नवरा पाहा. गंमत म्हणजे दोघेही पुरावा देतात तो आनंदीबाईंच्या पत्रांचाच.

मग प्रश्न पडतो, एकाच बाईच्या पत्रांतून दोन उलट गोष्टी कशा निघतात? मला वाटतं, पत्रं खोटं बोलत नाहीत. आपण ओळी उपटून घेतो. घरगुती पत्र कुणासाठी लिहिलंय, ते किती दिवसांनी पोचणार होतं आणि त्यात जेवणखाण, कपडे, दुखणी यांबद्दल काय आहे, हे पाहिल्याशिवाय त्यातल्या मोठ्या वाक्याला काही अर्थ नाही. ती मोठी वाक्यं आपल्याला पाठ आहेत. थंडीखोकल्याच्या ओळी आपण वगळतो, आणि माझ्या मते खरी आनंदीबाई तिथेच भेटते.

पत्रं लिहिणारी ही बाई कोण?

१८६५ साली जन्मलेली, कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. ते बिजवर होते आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नात नाव बदललं आणि यमुनाची आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, त्यामुळे बदल्या पाठीशी लागलेल्या: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कच्छमधलं भुज, मग कलकत्ता आणि बंगालमधलं श्रीरामपूर. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकी शिकायचा निश्चय इथून आला, असं साधारणपणे सांगितलं जातं.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना लिहिलं होतं. वाइल्डरांनी ते आपल्या मासिकात छापलं, आणि ख्रिस्ती व्हाल तर बघू, अशा अर्थाचं उत्तर दिलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी १८८० च्या सुमारास दंतवैद्याकडे बसल्याबसल्या तो अंक चाळला. या बाईंनी कसलीही अट न घालता थेट आनंदीबाईंना पत्र पाठवलं. नंतरची काही वर्षं दोघींचा पत्रव्यवहार एकमेकींना न पाहता चालला.

७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. तीन वर्षांनी डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची नेमणूक हातात घेऊन १८८६ च्या अखेरीस परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. वय बावीससुद्धा पूर्ण नव्हतं.

उत्तर यायला तीन महिने

आज निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही आलं, तर आपण अर्ध्या तासात अस्वस्थ होतो. त्या सवयीने १८८३ चं पत्र वाचलं की चुकतं.

हिंदुस्थानात १८५४ पासून अंतर कितीही असो, पत्राचं टपालहशील वजनावर ठरू लागलं. हलक्या पत्राला अर्धा आणा. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आलं, ते पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला. परदेशाचं टपालही सोपं होत होतं. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर बोटींना आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही, आणि १८७६ मध्ये हिंदुस्थान जागतिक टपाल संघटनेत सामील झाला. तरीही मुंबईहून विलायत आणि तिथून अटलांटिक ओलांडून अमेरिका, असं करत पत्र पोचायला महिना ते दीड महिना लागे. म्हणजे प्रश्न विचारल्यापासून उत्तर हातात पडेपर्यंत अडीच-तीन महिने.

याचा परिणाम मजकुरावर होतो. नवऱ्याचं रागाचं पत्र येतं, तेव्हा तो राग दीड महिन्याचा शिळा असतो. बायकोचं स्पष्टीकरण त्याला मिळतं तोवर त्याची आणखी दोन पत्रं वाटेत असतात. तिकडे ताप येऊन गेलेला असतो आणि इकडे काळजी आत्ता सुरू होते. त्या काळच्या पत्रांत तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली दिसते, तेव्हा आधीचं पत्र पोचलं की नाही हे लिहिणारीला माहीत नाही, एवढं लक्षात ठेवावं. दोन पत्रांतला विसंगत सूरही बऱ्याचदा यातूनच येतो.

एक गोष्ट मला विशेष वाटते. या जोडप्याचा संसार टपालावर तोललेला होता. पगार टपाल खात्याचा, बदल्या त्याच खात्याच्या, अमेरिकेची वाट उघडली ती एका पत्राने, आणि अमेरिकेत गेल्यावर नवरा-बायकोचं नातं बराच काळ उरलं तेही पत्रांपुरतं.

मायना ही रीत असते

जुन्या मराठी पत्राच्या डोक्यावर जो ठरीव मजकूर असतो त्याला मायना म्हणतात. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, सवाष्णीला सौभाग्यवती, विधवेला गंगाभागीरथी. शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. नवीन वाचक इथे दोन चुका करतात. एक तर मायन्यातला आदर पाहून नातं गोड होतं असं धरतात, नाहीतर त्यातली नम्रता पाहून बाई दबलेली होती असं ठरवतात. मायना शिकवलेला असतो आणि त्यात भावना असतेच असं नाही. भावना कळते ती मायना संपल्यावर, आणि कधी कधी मायना मोडलेला असतो तिथे.

उदाहरण सावित्रीबाई फुल्यांचं. त्यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं प्रसिद्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. नवऱ्याचं नाव बायकोने उच्चारायचं नाही अशा काळात त्यांच्या पत्राची सुरुवात ‘सत्यरूप जोतीबा’ अशी होते. मायन्यातल्या या एका बदलावरून त्या दोघांमधलं नातं कळतं.

दोन वाचक, दोन आवाज

आता आनंदीबाईंच्या पत्रांतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्या एकाच काळात दोन माणसांना लिहीत होत्या. कार्पेंटरबाईंना इंग्रजीत, मावशीच्या नात्याने. गोपाळरावांना मराठीत, बायको म्हणून.

कार्पेंटरबाईंच्या पत्रांतली आनंदी जिज्ञासू आहे. हिंदू चालीरीती समजावून सांगते, बालविवाहाचे शरीरावर काय परिणाम होतात याची चर्चा करते, स्वतःच्या तब्येतीविषयी मोकळेपणी लिहिते. कलकत्त्याकडे असताना डोकेदुखी, अशक्तपणा, ताप सुरू झाला तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधं धाडली. त्यांचा उपयोग झाला नाही. पण नात्याने कुणी नसलेली बाई सातासमुद्रापलीकडून औषध पाठवते, यावरून त्या पत्रांत किती जवळीक आली होती ते दिसतं.

गोपाळरावांच्या पत्रांतली आनंदी सावध आहे. कारण वाचणारा माणूस तिचा शिक्षक होता, पोशिंदा होता, आणि तिच्यावर संशय घेऊ शकणाराही होता. तिथे तिला आपल्या वागण्याचा हिशेब द्यावा लागतो.

बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर बोलत असतो आणि आपल्याला फक्त त्याचीच बाजू ऐकू येते, तसं एका बाजूचं पत्र असतं. ‘नाही, तसं नाही केलं मी’ हे आपण ऐकतो, पण पलीकडून काय आरोप झाला ते अंदाजाने भरून काढावं लागतं. आनंदीबाईंची कितीतरी वाक्यं अशी उत्तरं आहेत. प्रश्न न पाहता ती वाचली, तर विनाकारण सफाई दिल्यासारखी वाटतात.

शेगडीचा धूर आणि साडीची पद्धत

आता आपण वगळतो त्या मजकुराकडे. फिलाडेल्फियात राहायला मिळालेल्या खोलीत शेकोटीची सोय धड नव्हती. पेटवली की धूर कोंडायचा, न पेटवावी तर गारठा. कल्याण-अलिबागच्या हवेत वाढलेल्या मुलीपुढे धूर नाहीतर थंडी, एवढाच पर्याय होता. त्यातच शाकाहार. श्रीरामपूरच्या भाषणात, २४ फेब्रुवारी १८८३ ला, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. या वचनाचा त्यांच्या लेखी अर्थ ताटात काय आणि अंगावर काय, इथपर्यंत पोचत होता. परक्या गावात अभ्यास सांभाळून स्वतःचं रांधायचं, नाही जमलं की अर्धपोटी राहायचं.

कपड्यांचंही तेच. नऊवारी कासोट्यात पोटऱ्या उघड्या राहतात. ते तिथल्या थंडीत सोसणारं नव्हतं आणि तिथल्या रीतीलाही धरून नव्हतं. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने, पाय झाकणारी साडी नेसायला सुरुवात केली. आज आपल्याला ही बाब दोन ओळींची वाटते. पण नवऱ्याला ती पत्रातून पटवून द्यावी लागली, कारण साडी नेसायची पद्धत बदलणं म्हणजे बाई बदलली, असं समजणारा तो काळ होता. थंडीने कापणाऱ्या विद्यार्थिनीला अंग झाकायच्या निर्णयाचं समर्थन दीड महिन्याच्या अंतरावरून करावं लागतं, या एका गोष्टीत त्या काळच्या बाईचं जगणं जितकं कळतं तितकं मला कुठल्याही जाज्वल्य वाक्यातून कळलेलं नाही.

खोकला, थकवा, न भागणारी भूक किंवा मेलेली भूक, या ओळी तर पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे वाचवत नाहीत. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच दाखवला होता, म्हणजे आनंदीबाई निघायच्या आदल्या वर्षी. गुणकारी औषध यायला मात्र आणखी साठ वर्षं जायची होती.

मग गोपाळराव चांगले की वाईट?

याचं उत्तर आनंदीबाईंनी स्वतःच दिलेलं आहे, आणि तेही गोपाळरावांनाच लिहिलेल्या पत्रात. अमेरिकेतून लिहिलेल्या या पत्राचा आशय असा: तुम्ही मला वागवलंत ते चांगलं की वाईट हे ठरवणं कठीण आहे. विचाराल तर म्हणेन, दोन्ही. शेवटच्या हेतूकडे पाहिलं तर योग्य. पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल ते पाहिलं तर चूक. मग त्या मोजून सांगतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकणं, सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. त्या त्या वयाच्या शरीराला आणि मनाला हे सगळं फार होतं. नवरा-बायकोच्या मध्ये कायदा पडत नाही, आणि पडला तर बायकोच्या विरुद्ध पडतो, असंही त्या लिहितात. त्याच पत्रात, तुमच्यामुळेच मी इथवर आले, ही कृतज्ञताही आहे.

वादातली दोन्ही माणसं याच पत्राचा आपापला अर्धा भाग दाखवतात. पूर्ण पत्र वाचलं तर त्यातली बाई कुठल्याच बाजूला सोयीची राहत नाही. ती उपकार मान्य करते आणि मारही विसरत नाही. एकाने दुसरं खोडून निघत नाही, हे तिला विशीच्या आतबाहेर कळलेलं होतं.

कायद्याबद्दलचं तिचं म्हणणं रागाच्या भरातलं नव्हतं. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी झालेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये हायकोर्टाने हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. पुढे तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंचं लग्न झालं तेव्हा कायद्याने संमतिवय होतं दहा. ते बारा झालं १८९१ मध्ये, तेही प्रचंड विरोधानंतर.

“पण ही तर एका ब्राह्मण बाईची गोष्ट”

हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. १८८१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातल्या दर हजार स्त्रियांत साक्षर होत्या तीन-चार. ज्यांना लिहिता येत होतं त्यांचीच पत्रं असणार, आणि त्या बहुतेक वरच्या जातींतल्या किंवा सुधारकांच्या घरातल्या. सावित्रीबाई सुधारकाच्या घरातल्या, पण वरच्या जातीतल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या पत्रांचं मोल मोठं. नायगावहून लिहिलेल्या १८५६ च्या पत्रात त्या आजारपणात माहेरी आहेत. भाऊ सेवा करतो आणि महारमांगांसाठी काम करता म्हणून बोलही लावतो. त्या त्याला सुनावतात की नागपंचमीला सापाला दूध पाजता, मग माणसाला अस्पृश्य का म्हणता? घरातलं भांडण, दुखणं आणि जातीचा प्रश्न एकाच कागदावर येतात. १८७७ चं पत्र जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळातलं.

लिहिता न येणाऱ्या बाया गप्प होत्या असं मात्र नाही. जात्यावरच्या ओव्यांत त्यांचं सासर-माहेर आहे. पण ओवीला तारीख नसते आणि एकच ओवी शंभर गावांची असते. पत्रातली बाई अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक माणसाशी बोलते. म्हणून आनंदीबाईंच्या पत्रांवरून ‘त्या काळच्या स्त्रिया’ असं सरसकट बोलू नये. एका बाईविषयी मात्र खात्रीने बोलता येतं.

छापलेल्या पत्रांवर भरवसा ठेवावा का?

ठेवावा, पण मध्ये कोण आहे ते पाहून. आनंदीबाई गेल्यावर लगेचच दोन चरित्रं आली. कॅरोलाइन डॉल यांचं इंग्रजीत, १८८८ मध्ये, आणि काशीबाई कानिटकरांचं मराठीत, १८८९ मध्ये. दोघींनी पत्रांचा आधार घेतला. डॉलबाईंपुढे अमेरिकन वाचक होता. काशीबाई स्वतः लग्नानंतर धडपडून शिकलेल्या, त्यांच्यापुढे मराठी घरं होती. कुठलं पत्र घ्यायचं, कुठला तुकडा गाळायचा, हे त्या त्या वाचकाकडे बघूनच ठरतं. त्यात लबाडी नाही, निवड आहे. शिवाय फोनवर फिरणारी मराठी ओळ बऱ्याचदा मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं पुन्हा मराठी अशी दोनदा उलटलेली असते. ओळीखाली कुणाला लिहिलं आणि केव्हा, हे दोन तपशील नसतील तर ती पुढे पाठवू नये, असं मी तरी पाळते.

दुसऱ्याची खासगी पत्रं वाचावीत का, हाही प्रश्न काही वाचक विचारतात. मला तो बोचतो. नवऱ्याला लिहिलेलं मारहाणीचं पत्र सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपण चहा पिताना वाचावं, अशी परवानगी आनंदीबाईंनी दिली नव्हती. तरी मी वाचावं या बाजूची आहे, कारण ते पत्र नसतं तर त्यांची कहाणी फक्त गोपाळरावांच्या जिद्दीची म्हणून सांगितली गेली असती. पण वाचायचं तर पूर्ण वाचावं. अर्धं वाचणं ही दुसऱ्यांदा केलेली आगळीक आहे.

तुमच्या घरातली पत्रं

आनंदीबाईंइतकी प्रसिद्ध नसली तरी अशी पत्रं पुष्कळ घरांत माळ्यावर आहेत. हाती लागली तर पाकिटं फेकू नका. बऱ्याच जुन्या पाकिटांवर पाठवणाऱ्या आणि पोचलेल्या, दोन्ही टपाल कचेऱ्यांचे शिक्के असतात, त्यावरून पत्र किती दिवस वाटेत होतं ते निघतं. आत तारीख शकात असेल तर त्यात ७८ मिळवा. पौषापासून फाल्गुनापर्यंतची मिती असेल तर बहुधा ७९. म्हणजे शके १८०५ चा चैत्र हा १८८३ चा. अक्षर मोडी असेल तर घाबरू नका, मोडी वाचणारी माणसं आजही आहेत आणि पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी चौकशी करता येते. कागद लॅमिनेट मुळीच करू नका, चिकटपट्टी लावू नका. फोटो काढा आणि मूळ पत्र कोरड्या जागी सपाट ठेवा. आणि मजकुरातली ताई, माई, अण्णा, भाऊ ही कोण, ते घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून याच आठवड्यात वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. ती माहिती पत्रात कुठेच लिहिलेली नसते.